रुळायचे कोणी? मराठी साहित्यातले कॉलेजचे पहिले वर्ष आणि आपण

मराठीत 'रुळणे' हे क्रियापद दोन प्रसंगी हमखास वापरले जाते. नवी सून सासरी रुळते आणि नवा विद्यार्थी कॉलेजात रुळतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारला जातो तो नव्याने आलेल्यालाच. सून रुळली का? पोरगा रुळला का? सासर त्या सुनेशी रुळले का, हे कोणी विचारत नाही, आणि कॉलेज त्या पोराशी रुळले का, हेही कोणी विचारत नाही. समुपदेशनाची पुस्तके, प्राचार्यांची स्वागतपर भाषणे, पालकांच्या सूचना या सगळ्यांचा सूर एकच असतो : बाळा, जुळवून घे. हा दुसरा, उलट दिशेचा प्रश्न विचारण्याचे काम साहित्याचे आहे, असे आम्ही मानतो. मराठीतल्या काही परिचित पुस्तकांनी तो कसा विचारला आणि आपल्या मुस्लिम मराठी साहित्याने तो पुरेसा का विचारला नाही, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

विषय किरकोळ वाटेल. दंगल, तलाक, दारिद्र्य, अस्मिता असे मोठे प्रश्न समोर असताना एफ. वाय.च्या मुलाच्या बावरलेपणाचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी दोन नोंदी पुरेशा आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की, देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवी वर्गातल्या दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गातल्या दर पन्नास विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आहे. पुढे २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ४.६ टक्के दिसले, तर २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. सच्चर समितीच्या पंचविसांतला जो एक आहे, तो पन्नासांतला एक होईपर्यंत त्याच्या बरोबरीचे कुठे गळाले? आकडे गळती मोजतात. ती कशी होते, हे कथा-कादंबरीलाच सांगता येते. आणि गळतीची पहिली वाट बहुतेक वेळा पहिल्या वर्षातूनच जाते.

परतायला घर असलेला पांडुरंग

कॉलेजजीवनाचा विषय निघाला की मराठी वाचकाला प्रथम आठवते ती भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, होस्टेलात राहतो, उत्साहाने गॅदरिंग, वक्तृत्व, मेस अशा उलाढालींत पडतो, पैसे उधळतो, नापास होतो आणि शेवटी गावी परततो. खेड्यातून शहरात गेलेल्या मुलाचा बुजरेपणा, त्यावर मात करण्यासाठी केलेली फुशारकी आणि ती फसल्यावर आलेले रितेपण हे सगळे नेमाड्यांनी ज्या बोलत्या मराठीत मांडले, तिने मराठी कादंबरीचे वळण बदलले. आपल्यापैकीही कित्येकांनी 'कोसला' उशाशी घेऊन होस्टेलची वर्षे काढली आहेत. गावाकडच्या भाषेत विचार करायला लाज वाटू नये, हे धैर्य या पुस्तकाने दिले, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

तरी आज पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. पांडुरंगाच्या अपयशाखाली जमीन आहे. वडिलांशी त्याचे भांडण आहे, पण भांडण्याजोगे, पैसे पाठवणारे वडील आहेत. घर आहे, शेती आहे, गावात मान आहे. शहर त्याला निरर्थक वाटते आणि तो ते सोडू शकतो. त्याचे न रुळणे हा त्याचा निवाडा आहे. ज्याच्या बापाने हातगाडी गहाण ठेवून फी भरली आहे, त्याला शहर निरर्थक ठरवण्याची चैन परवडत नाही. तो नापास झाला तर त्याच्या मागची दोन भावंडे शाळेतून निघतात. शिवाय पांडुरंगाला आपण कोण आहोत हे आतून शोधायचे आहे. बाहेरून 'तू नेमका कोण?' असे कोणी दरडावून विचारत नाही. 'कोसला'चे मोठेपण यामुळे उणे होत नाही. पण मराठी समीक्षेने हाच एक अनुभव 'तरुणाचा' सार्वत्रिक अनुभव म्हणून ठेवला, त्याला मात्र आमचा आक्षेप आहे.

फॉर्मवरचा रकाना

'तू कोण?' हा प्रश्न मराठीत रोखठोक आणला तो दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लावायचे, हाच जीवघेणा पेच आहे. आपल्या वाचकांनी या पुस्तकातली आणखी एक गोष्ट विसरू नये. या पोराला माया देणाऱ्यांत आजीबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान म्हातारा आहे. माया करणारा एक आणि कागदावर हवा असलेला दुसरा, ही फट लिंबाळे यांनी लपवली नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) तर लेखकाने आईचेच नाव आपल्या नावात धारण केले आणि त्याच नावाने तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. दोन्ही पुस्तकांत शिक्षणाचा उंबरठा म्हणजे एक फॉर्म आहे आणि त्या फॉर्मवरचा एक रकाना भरता न येणे हीच कथा आहे.

आता आपल्या मुलांचा रकाना पाहा. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, अशी फॉर्मची रचना. मराठवाड्यातल्या मुलाचे नाव 'शेख'ने सुरू होते, आणि वर्गात हजेरी घेताना 'शेख' पुकारले की चार जण उभे राहतात. एका कागदावर महमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर महंमद. तेवढ्यावरून शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. बागवान, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी जमातीतल्या मुलाला जातीचा दाखला हवा असतो, पण आजोबांच्या दाखल्यावर नुसते 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असते. जात सिद्ध करायला जुना कागद नाही आणि धर्म तर नावातच उघडा. पहिल्या वर्षाचे पहिले दोन महिने तहसील, सेतू केंद्र आणि कॉलेजची खिडकी यांच्यात जातात. वर्गात कोणता धडा चालू आहे, हे त्याला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळते.

खोलीचेही तसेच. आपल्यात देशमुख आहेत, पाटील आहेत, इनामदार आहेत. फोनवर 'देशमुख' सांगितले की खोली रिकामी असते. भेटायला गेल्यावर पूर्ण नाव सांगितले की ती कालच दिलेली असते. हे विनोदाने सांगितले जाते आणि हसून ऐकले जाते. पण या हसण्याच्या तळाशी काय आहे, ते एखाद्या कथेने थांबून पाहायला हवे होते.

दलित आत्मकथनांनी अपमानाच्या जोडीने आणखी एक गोष्ट दिली. कॉलेज विद्यार्थ्याशी रुळल्याचे चित्रही त्यांच्यामुळे मराठीत आले. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या दृष्टीने पुन्हा वाचावे. उदगीर भागातला हा आईबापांविना वाढलेला मुलगा शिकत शिकत औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोहोचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढलेले हे कॉलेज मुळात असा मुलगा येणार, हे गृहीत धरूनच उभे राहिले होते. ज्याच्या गावात कोणी कॉलेज पाहिले नाही, ज्याच्याजवळ वह्यांना पैसे नाहीत, तो येथे अपवाद नव्हता. तो येथला नेहमीचा विद्यार्थी होता. पुढे दलित साहित्याची एवढी मोठी फळी याच परिसरातून उभी राहिली, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. ज्या ठिकाणी पहिल्या वर्षी मान खाली घालावी लागत नाही, तेथून लेखक निघतात.

भाषेचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

मराठवाड्याचाच इतिहास आपल्याला आणखी एक धडा देतो. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, ते उर्दू माध्यम घेऊन. त्या काळी निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि घरी मराठी बोलणाऱ्या या मुलाला विज्ञान आणि इतिहास उर्दूतून शिकावा लागे. मराठवाड्याच्या स्मृतीत ही अन्यायाची गोष्ट म्हणून नोंदली गेली आणि ते रास्तच आहे. आपण मुसलमानांनीही ते मोकळेपणाने मान्य करावे. परंतु मग हाच न्याय उलट्या दिशेनेही लावायला हवा. बालभारती मराठीप्रमाणे उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूरची हजारो मुले त्यांवर शिकून दहावी होतात. ज्या आकृतीला ती दहा वर्षे 'मुसल्लस' म्हणत आली, ती शेजारच्या शाळेत 'त्रिकोण' असते आणि अकरावी सायन्सला 'ट्रँगल' होते. 'जियाई तालीफ' पाठ केलेल्या मुलीसमोर एकदम 'फोटोसिंथेसिस' येते. तिला वनस्पतीची अन्न तयार करण्याची क्रिया ठाऊक असते. फक्त तिचे नाव ठाऊक नसते. पण वर्गात नाव सांगता आले नाही, म्हणजे क्रियाच ठाऊक नाही असे ठरते. आणि एकदा 'कच्ची' ठरलेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत शेवटच्या बाकावर पोहोचलेली असते.

मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांची गोष्ट याहून वेगळी आहे. घरी दखनी किंवा कोकणी, गल्लीत आणि शाळेत मराठी. ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांपासून पु. लं.पर्यंत सगळे यांनी इतरांइतकेच वाचलेले असते. हा मुलगा शहरातल्या कॉलेजात पहिल्यांदा उभा राहून बोलतो आणि त्याला दाद मिळते : "अरे वा! तुझं मराठी किती छान आहे!" देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण शेजारी बसलेल्या जोशी किंवा जाधवला ही दाद कोणी देत नाही. घरच्या माणसाचे 'तुला आपल्या घराची वाट चांगली माहीत आहे' म्हणून कौतुक होत नसते. एका वाक्यात त्या मुलाला कळते की, ज्या भाषेला तो आपली समजत होता, तिच्यात त्याला पाहुणा धरले आहे. आमच्या मते मुस्लिम मराठी संवेदनेचा उगम अनेकांच्या बाबतीत या क्षणात आहे. दंगलीचा अनुभव सर्वांनाच येत नाही, पण ही दाद जवळपास प्रत्येकाने ऐकलेली असते.

मधली कोरी पाने

हमीद दलवाई यांच्या 'इंधन'कडे (१९६५) या अंगाने पाहण्यासारखे आहे. मुंबईत बरीच वर्षे काढलेला, आजाराने थकलेला एक तरुण कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि हिंदू-मुसलमानांचे जुने संबंध त्याच्या डोळ्यांदेखत पेट घेतात. जमातीच्या आतले आणि बाहेरचे ताण इतक्या निर्ममपणे दाखवणारी कादंबरी मराठीत दुर्मीळच. परंतु ही परतण्याची कादंबरी आहे. गाव सोडून गेलेला मुसलमान मुलगा शहरात पहिल्या दिवशी कुठे उतरला, कोणाच्या खोलीवर राहिला, कोणते पुस्तक वाचून बदलला, ती मधली वर्षे येथे कथेबाहेर आहेत. दलवाईंच्या कादंबरीचा तो विषय नव्हता, त्यामुळे हा तिचा दोष नाही. पण त्यांच्यानंतर ही मधली पाने भरण्याची जबाबदारी आपली होती.

ती आपण पुरेशी पार पाडली नाही. १९९० साली दोन घटना घडल्या. पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कवितेने, कथेने बरीच मजल मारली आहे. तरी आपल्या लेखनाचा मोठा भाग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून केलेल्या निवेदनासारखा झाला. बाहेरून आरोप झाला, आपण उत्तर दिले. आम्ही या मातीतले आहोत, आमचे शेख महंमद आहेत, आमचे अमर शेख आहेत, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. त्या काळात ते आवश्यकही होते. पण उत्तरे देणाऱ्याला स्वतःच्या आवडीचे प्रश्न निवडता येत नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाबद्दल आपल्याला कोणी विचारले नाही, म्हणून आपणही ते सांगितले नाही.

दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. पहिल्या वर्षाविषयी खरे लिहायचे तर नुसत्या कॉलेजाविषयी लिहून भागत नाही, घराविषयीही लिहावे लागते. शनिवारी एस.टी.ने घरी आलेल्या पोराला मोहल्ल्यातही नव्याने रुळावे लागते. चहाच्या टपरीवर "बडा सायब बन गया क्या रे" हे ऐकावे लागते. तो वाचनालयातून आणलेले पुस्तक दप्तरातच ठेवतो. कॉलेजात तो मुसलमान म्हणून वेगळा, मोहल्ल्यात शिकलेला म्हणून वेगळा. कॉलेजवर टीका करणे सोपे, कारण ते परके. टपरीवरच्या त्या वाक्यावर लिहायला मात्र हात कचरतो. आपल्या लोकांना उघडे पाडल्याचा आरोप येईल, ही भीती असते. दलित लेखकांनी आपल्या वस्तीचे भलेबुरे दोन्ही लिहिले आणि त्यामुळे त्यांच्या साहित्याचे वजन वाढले, कमी झाले नाही.

मुलीचे पहिले वर्ष

मुलींच्या बाबतीत तर ही पाने कोरीच नव्हेत, फाडलेली आहेत. बारावीनंतर पुढे शिकायचे की नाही, याचा निर्णय तिच्या गुणांवर ठरत नाही. कॉलेज किती लांब, बस किती वाजता परतते, वर्गात आपल्या ओळखीची दुसरी मुलगी आहे का, यांवर तो ठरतो. प्रवेश मिळाला तरी पहिले वर्ष ही परीक्षाच असते आणि ती विद्यापीठ घेत नाही, घर घेते. एक तक्रार, एक अफवा, एक चांगले स्थळ पुरते. त्यात कॉलेजने पोशाखाचा नियम काढला तर घराला आयते निमित्त मिळते. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या अशा नियमाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने त्या नियमाला अंशतः स्थगिती दिली. बुरख्याच्या बाजूचे आणि विरोधाचे लेख त्या वेळी पुष्कळ आले. त्या मुलीला त्या दिवशी प्रॅक्टिकलला बसता आले का, ही साधी काळजी त्यांत क्वचितच दिसली.

आणि डॉ. पायल तडवी यांचे नाव येथे घ्यावेच लागते. जळगावची ही मुलगी तडवी भिल्ल, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. मुंबईतल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात ती २०१८ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी आली आणि २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवले. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाचे प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा करणे हे समीक्षेचे काम नाही. परंतु तिची आई आबेदा तडवी यांनी हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्यासह २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिचा आशय आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. मुलांनी जुळवून घेण्याचे धडे त्या दोघी मागत नव्हत्या. विद्यापीठांनी भेदभाव रोखण्याची यंत्रणा खरोखर चालवावी, असे त्या म्हणत होत्या. साहित्याने विचारायचा जो दुसरा प्रश्न आम्ही सुरुवातीला सांगितला, तो या दोन मातांनी न्यायालयात विचारला. लेखकांच्या आधी तो मातांना विचारावा लागला, याची खंत आपल्याला वाटायला हवी.

काय लिहावे?

आपल्या लेखकांत प्राध्यापकांची संख्या मोठी आहे. त्यांनी पहिल्या वर्षाचा वर्ग दर जूनमध्ये पाहिलेला असतो, पण बहुधा व्यासपीठावरून. आमची विनंती एवढीच की, तो एकदा शेवटच्या बाकावरून पाहावा. हजेरीत उभे राहणारे चार शेख वेगवेगळे करून दाखवावेत. त्यांतला एक कवी असेल, एक पहाटे गॅरेजवर काम करून येणारा असेल, एक फक्त बापाच्या हट्टापायी आलेला असेल आणि एकाला वर्गातली मुलगी आवडत असेल. चौघांनीही 'मुस्लिम समस्या' मांडलीच पाहिजे, असे नाही. रुळलेल्या मुलांचीही गोष्ट यावी. नाव नीट उच्चारणारा शिक्षक, रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी न सांगता ताट झाकून ठेवणारी मेसची मावशी, नोट्स देणारा वर्गमित्र हेही याच कॉलेजात असतात. त्यांना वगळून लिहिलेले दुःख खोटे वाटते.

नव्या विद्यार्थ्यासाठीही या लेखनाची गरज आहे. जो मुलगा पहिल्या वर्षाला पाहुण्यासारखा बसतो, त्याच्या हाती शेख महंमदांचा 'योगसंग्राम' किंवा रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' पडले, तर आपण या भाषेचे वारस आहोत हे त्याला कळते. पण वारसा चारशे वर्षांपूर्वीचा आणि एकटेपण आजचे, एवढे अंतर एका पुस्तकाने भरत नाही. त्याच्यासारख्याच एकाने वीस वर्षांपूर्वी हाच फॉर्म भरला, हीच खोली शोधली, हीच दाद ऐकून मान खाली घातली आणि तरी तो टिकला, हे सांगणारे पुस्तक त्याला कॉलेजच्या ग्रंथालयात मिळायला हवे. येत्या जूनमध्येही आपली मुले फॉर्म घेऊन त्या खिडकीसमोर रांगेत उभी राहतील. 'रुळलास का?' हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपण त्यांच्यासाठी काय लिहून ठेवले, हे आपणच आपल्याला विचारू या.